अ‍ॅपलाचियन ट्रेलवरचा 'गावाचा दिवस' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून जाणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल (चालणारे हिला नुसतं 'ए.टी.' म्हणतात) चालायची म्हटलं की लोक आधी बुटांबद्दल विचारतात, मग अस्वलांबद्दल. जेवणाचा प्रश्न तिसरा येतो, पण खरं बोलणं तिथेच रंगतं. चार-पाच दिवस डोंगरात चालायचं, गावात उतरून शिधा भरायचा आणि पुन्हा वर चढायचं, त्या एका दिवसाबद्दलचे हे प्रश्न. उदाहरणासाठी नॉर्थ कॅरोलायनातलं हॉट स्प्रिंग्ज गाव घेतलं आहे, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं गाव दक्षिण भागात दुसरं नाही, असं माझं मत आहे.

ट्रेल नेमकी केवढी आहे? सगळं खाणं पाठीवर न्यायचं का?

जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून, साधारण २,१९० मैल. म्हणजे ३,५०० किलोमीटरच्या वर. बेंटन मकाय यांनी १९२१ साली कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट सलग झाली आणि १९४८ मध्ये अर्ल शेफर यांनी ती एका मोसमात संपूर्ण चालून काढली. आज सगळी वाट एका दमात चालणाऱ्यांना पाच ते सात महिने लागतात. एवढं अन्न कोण उचलणार? तीन ते सहा दिवसांचा शिधा घ्यायचा, संपत आला की गाव गाठायचं. 'रिसप्लाय' म्हणतात ते हेच.

नर्मदा परिक्रमेसारखं वाटेत कोणी जेवू घालतं का?

नाही. रस्ता ओलांडताना कधी कोणी गाडीच्या डिकीत केळी, सोडा, हॉट डॉग घेऊन उभं असतं. त्याला 'ट्रेल मॅजिक' म्हणतात. मिळालं तर आनंदाने खा, पण त्याच्या भरवशावर शिधा कमी करू नका. पायथ्याच्या वाडीत मावशींना सांगून ठेवलं की पिठलं-भाकरी तयार, हा सह्याद्रीतला हिशेबही इथे चालत नाही.

गावं वाटेवरच लागतात का?

बहुतेक नाही. खिंडीत (इथे तिला 'गॅप' म्हणतात) डांबरी रस्ता आडवा येतो आणि गाव तिथून पाच-दहा मैल खाली असतं. जॉर्जियात डिक्स क्रीक गॅपवरून हायवासीला किंवा पुढे नॉर्थ कॅरोलायनात वाइंडिंग स्टेअर गॅपवरून फ्रँकलिनला जायचं तर गाडीच लागते. शटल (पैसे घेऊन पोचवणारी गाडी) ठरवा, नाहीतर अंगठा दाखवून लिफ्ट मागा.

काही ठिकाणी मात्र वाट स्वतःच वस्तीत शिरते. जॉर्जियातल्या नील गॅपला ती चक्क दुकानाच्या दगडी इमारतीच्या कमानीखालून जाते, आणि तिथल्या झाडावर लोकांनी टाकून दिलेले बूट लटकत असतात. व्हर्जिनियातलं डमॅस्कस आणि न्यू हॅम्पशायरमधलं हॅनोव्हर ही तशीच गावं. हॉट स्प्रिंग्जमध्ये ट्रेल म्हणजेच मुख्य रस्ता. ब्रिज स्ट्रीटच्या फुटपाथवर ए.टी.ची खूण बसवलेली आहे, तिच्यावरून चालत पोस्ट, दुकान, खानावळ सगळं होतं. लिफ्टची कटकट नाही.

त्या दिवसाचं वेळापत्रक कसं असतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर आदल्या संध्याकाळपासून सुरू होतं.

दक्षिणेकडून येताना मॅक्स पॅचचं गवताळ माथं मागे पडलं की गाव साधारण २० मैलांवर राहतं. मधे ब्लफ माउंटन लागतो, ४,६८६ फूट. तिथून १,३०० फुटांच्या आसपास असलेल्या गावापर्यंत बहुतेक उतारच. रात्री डिअर पार्क माउंटन शेल्टरला (शेल्टर म्हणजे मुक्कामासाठी वाटेवर बांधलेला साधा निवारा) थांबलात तर सकाळी गाव तीन मैलांवर असतं. आधीच्या वॉलनट माउंटन शेल्टरला थांबलात तर तेरा. या दहा मैलांनी दुसऱ्या दिवसाचा नूर ठरतो. तेरा मैल चालून गावात शिरायला दुपारचे दोन वाजतात, पोस्ट बंद व्हायला आलेलं असतं, पोटात कावळे ओरडत असतात आणि मग कपडे धुण्यापासून खरेदीपर्यंत सगळं घाईत उरकावं लागतं. तीन मैल चालून साडेआठला आलात तर पूर्ण दिवस हातात. कमी चालण्याच्या अशा दिवसाला 'निअरो' म्हणतात, म्हणजे जवळजवळ शून्य. अजिबात न चालण्याचा दिवस तो 'झीरो'.

गावात शिरल्यावर माझा क्रम ठरलेला आहे. आधी साबणाने हात. मग नाश्ता. त्यानंतर पोस्ट, कारण तिथली वेळ आपल्या हातात नसते. मग हॉस्टेल, अंघोळ, कपडे. अंगावरचं सगळं मशिनमध्ये गेल्यावर घालायचं काय? बऱ्याच हॉस्टेलांत उसन्या कपड्यांचं खोकं असतं. पावसाळी चड्डी आणि कुठल्याशा चर्चच्या मेळाव्याचा ढगळ टी-शर्ट घालून सहा फुटी माणसं गावभर फिरत असतात, कोणी वळूनही बघत नाही. कपडे वाळेपर्यंत फोन, बॅटरी, पावर बँक चार्जिंगला. दुपारचं भरपेट जेवण, आणि त्यानंतरच दुकान. भुकेल्या पोटी दुकानात गेलेल्या हायकरच्या ट्रॉलीत दोन डझन डोनट आणि किलोभर चीज असतं. हे सगळं वर चढवायचं आहे, हे पोट भरल्यावरच आठवतं.

शेवटचं काम म्हणजे सामान सोडवणं. बिस्किटांची खोकी, पुठ्ठे, जादा वेष्टनं गावातच फेकायची आणि सगळं झिप लॉक पिशव्यांत भरायचं. हॉस्टेलच्या अंगणात दुपारी हाच उद्योग चाललेला दिसतो. एकेकाचं पोट सॅकपेक्षा आधी भरतं आणि उरलेलं शेजाऱ्याला देऊन टाकावं लागतं.

पुढच्या टप्प्यासाठी नेमका किती शिधा घ्यायचा?

दिवस मोजू नका, आधी मैल मोजा. हॉट स्प्रिंग्जनंतर शिध्याचं पुढचं मोठं गाव टेनेसीतलं अर्विन, साधारण ७० मैलांवर. रोज १५ मैल चालत असाल तर पावणेपाच दिवस. अर्विनला पोचायच्या दिवशी रात्रीचं जेवण गावात होणार, आज रात्रीचंही गावातूनच बांधून घेतलेलं. म्हणजे घ्यायचा तो चार दिवसांचा पूर्ण शिधा, वर एक नाश्ता, एक दुपारचं खाणं आणि एका वेळची अडीअडचणीची सोय. बस.

माणशी रोज ८०० ते ९०० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. पहिल्या आठवड्यात भूकच नसते, तेव्हा त्याहून कमी. महिनाभरानंतर मात्र एवढ्यावर भागत नाही. मराठी माणूस इथे हटकून चुकतो, कारण 'असू दे बरोबर' हे आपलं घरचं ब्रीद. गावात पोचलात आणि सॅकमध्ये दीड दिवसाचं खाणं शिल्लक असेल तर तुम्ही ते ७० मैल फुकट वाहिलंत.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

उपाशी राहणार नाही. पण लेबल वाचायची आणि वेटरला विचारायची सवय लावा. दक्षिणेकडच्या खानावळीत भाजी म्हणून मिळणाऱ्या घेवड्याच्या शेंगा किंवा पिंटो बीन्स बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात. बिस्किटावरच्या (इथे बिस्किट म्हणजे मऊ पावासारखा प्रकार) पांढऱ्या ग्रेव्हीत सॉसेज असतं. पॅनकेक, हॅश ब्राउन, ग्रिल्ड चीज, ग्रिट्स (मक्याच्या कण्या) यांवर एक वेळ उत्तम निघते, तरी हॅश ब्राउन कशात परतलेत ते विचारा. दुकानात रॅमनची पाकिटं चिकन किंवा बीफची असतात. मसाल्याची पुडी टाकून देऊन नूडल्स वापरणारे आहेत, पण त्याआधी वेष्टन वाचा. आयसिंगवाल्या पॉप-टार्टमध्ये (गोड सारणाच्या चपट्या वड्या) जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेला पदार्थ, असतो, हे तर अनेकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. बिनआयसिंगच्या चालतात.

आता आपलं खाणं. पाठीवर वाहायच्या अन्नाला एकच कसोटी लावा : शंभर ग्रॅममध्ये किती उष्मांक? तांदूळ, डाळ, पोहे सगळे ३५० च्या आसपास. शेंगदाणे साडेपाचशेच्या वर, पीनट बटर जरा आणखी, आणि तूप ९००. छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत तूप घेतलं की कुठलंही कोरडं जेवण सुधारतं. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, कोरडी लसूण चटणी, मेतकूट, भाजून साखर घातलेला रवा (गरम पाणी आणि तूप घातलं की शिरा) हे सगळं छान टिकतं. दगडी पोहे नेऊ नका, भिजत नाहीत. पातळ पोहे भिजतात, पण सॅकमध्ये जागा फार खातात. गावातल्या दुकानातून घ्यायचं तर इन्स्टंट भात, कूसकूस, बटाट्याचा इन्स्टंट लगदा, टॉर्टिया, पीनट बटर. टॉर्टियाला पोळी समजून तूप-चटणी लावली की दुपार निभते.

लगद्याबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. उकळलेल्या पाण्यात भुकटी टाकायची, हलवायची, झालं. इंधन जवळजवळ लागत नाही. त्यात चमचाभर तूप, चिमूटभर गोडा मसाला, वरून दाण्याची चटणी आणि हाताने चुरलेले बटाट्याचे वेफर्स. पावसात भिजून शेल्टरवर पोचल्यावर चार मिनिटांत पोटात गरम काहीतरी जातं. वाटाण्यांची सुकवलेली पाकिटं सापडली तर पॅटिसच्या सारणाच्या फार जवळ जातं. शेजारचे अमेरिकन वास घेत घेत चौकशीला येतात. मसाल्याची पुडी दुप्पट न्या.

घरून डबा पोस्टाने पाठवता येतो का?

येतो. अमेरिकी पोस्टात 'जनरल डिलिव्हरी' नावाची सोय आहे : पार्सल गावच्या पोस्टात तुमच्या नावाने राहतं, तुम्ही ओळखपत्र दाखवून घ्यायचं. पत्त्यावर ओळखपत्रावरचंच नाव, खाली जनरल डिलिव्हरी, हॉट स्प्रिंग्ज, नॉर्थ कॅरोलायना, २८७४३. बाजूला 'ए.टी. हायकरसाठी ठेवावे' आणि पोचण्याची अंदाजे तारीख. घरी सगळे पप्पू-पिंकी म्हणतात म्हणून खोक्यावर तेच लिहिलं तर पोस्टमास्तर खोकं देणार नाही. खोकं प्रायॉरिटी मेलने पाठवलं असेल आणि तुम्ही ते न उघडता पुढच्या गावी पाठवायला सांगितलं, तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

पण सगळ्या वाटेची खोकी आधीच भरून ठेवू नका. तीन आठवड्यांनी राजगिऱ्याचा लाडू डोळ्यासमोर नकोसा होतो आणि घरी अजून पंधरा खोकी तयार असतात. जिथे दुकान धड नाही किंवा शाकाहारी काही मिळत नाही तिथेच पाठवा, आणि त्यातही मुख्यतः मसाले, चटण्या, तूप. बाकीचं गावात घ्या. भारतातून थेट पाठवायच्या फंदात पडू नका. कस्टममध्ये अडकलं तर तुम्ही व्हर्जिनियात आणि डबा न्यूयॉर्कमध्ये. अमेरिकेतल्या ओळखीच्या घरी इंडियन स्टोअरमधून सामान आणून ठेवा, तिथून टपाल.

छोट्या गावांतली पोस्टं शनिवारी थोडाच वेळ उघडी असतात, रविवारी बंद. शनिवारी दुपारी पोचलात तर सोमवार सकाळपर्यंत तिथेच.

'हायकर बॉक्स' काय प्रकार आहे? त्यातलं घ्यावं का?

हॉस्टेल आणि दुकानांत ठेवलेलं खोकं. नको असलेलं ठेवा, हवं ते घ्या. न उघडलेलं पाकीट बिनधास्त उचला. झिप लॉकमधली नाव नसलेली पांढरी पावडर तशीच राहू द्या. ती दूध पावडर असेल, बटाटा असेल, कपडे धुण्याचा साबणही असेल.

अर्ध्या भरलेल्या गॅसच्या नळकांड्याही इथे मिळतात. भरलेल्या हव्या असतील तर दुकानातूनच घ्या, कारण विमानात त्या चालत नाहीत.

गावात आजारी पडायला होतं असं ऐकलं, खरं का?

ए.टी.वर नोरोव्हायरसच्या साथी अनेकदा आल्या आहेत. उलट्या, जुलाब, दोन-तीन दिवस माणूस आडवा. गर्दीचं शेल्टर आणि हॉस्टेल ही पसरायची ठिकाणं. मुद्द्याची गोष्ट अशी की अल्कोहोलवालं सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही. साबण आणि पाणीच लागतं. म्हणून वर 'आधी हात' म्हटलं. दुसऱ्याच्या चिवड्याच्या पिशवीत हात घालू नका आणि आपल्या पिशवीत घालू देऊ नका, हातावर ओतून द्या. आपल्याकडे उष्ट्याचा विचार असतोच, इथे तो कामी येतो.

ताजं अन्न घेतल्यावर अस्वलांचं काय?

काळी अस्वलं सगळ्या वाटेवर आहेत आणि त्यांना मसाल्याचा वास आपल्याइतकाच आवडतो. अन्न, टूथपेस्ट, मलम, कचरा, काहीही तंबूत ठेवायचं नाही. जॉर्जियात जॅरर्ड गॅप ते नील गॅप या टप्प्यात १ मार्च ते १ जून मुक्काम करायचा तर कडक डबा, म्हणजे बेअर कॅनिस्टर, सक्तीचा आहे. ट्रेलची देखभाल पाहणारी संस्था सगळ्या वाटेवरच तो वापरा म्हणते. जड आहे, मान्य. पण अन्न झाडाला टांगायला रात्री अंधारात फांदी शोधत दोरी फेकत बसण्यापेक्षा मला तो परवडतो, शिवाय बसायला स्टूल होतो.

हेलीन वादळानंतर हॉट स्प्रिंग्ज पूर्वीसारखं आहे का?

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुराने फ्रेंच ब्रॉड नदीकाठचा हा भाग झोडपला, गावाच्या मुख्य रस्त्यावर पाणी शिरलं. दुकानं आणि गरम पाण्याची कुंडं यांची स्थिती तेव्हापासून बदलत राहिली आहे. जुनी पुस्तकं आणि यू-ट्यूबवरचे आधीचे व्हिडिओ यांवर विसंबू नका. ट्रेलवर सगळे वापरतात त्या फारआउट ॲपमध्ये प्रत्येक ठिकाणाखाली अलीकडे गेलेल्यांनी लिहिलेलं असतं. ते जायच्या आधी वाचा आणि नकाशा फोनवर उतरवून ठेवा.

गावाला पाहुण्यांची सवय मात्र जुनी आहे. इथल्या झऱ्यांमुळे आधी वॉर्म स्प्रिंग्ज म्हणत, मग अधिक गरम झरा सापडल्यावर १८८६ मध्ये नाव बदललं. पहिल्या महायुद्धात इथल्या मोठ्या हॉटेलात दोन हजारांहून जास्त जर्मन खलाशी नजरकैदेत होते.

एक दिवस जादा थांबावं का?

पाय सुजले असतील, पाऊस मोठा असेल तर जरूर. नुसतं सगळे थांबताहेत म्हणून नको. हायकर लोक अशा गावाला 'भोवरा' म्हणतात, आणि पैसाही तिथेच जातो. डोंगरात दिवसाला काही खर्च नसतो, गावात मात्र खाट, दोन जेवणं, कपडे, टिप असं करत पाकीट रिकामं होतं. कपडे धुण्याच्या मशिनसाठी सुटी नाणी आणि शटलवाल्यासाठी रोख नोटा जवळ असू द्या.

मी सुचवेन की दुपारी तीन-चारला निघा. पूल ओलांडला की वाट काही वेळ नदीच्या कडेने जाते, मग लव्हर्स लीपच्या खडकांकडे उभी चढते. भरलेली सॅक, भरलेलं पोट आणि हा चढ, तिन्ही एकदम आले की जीव जातो. हळू चढा. पंप गॅप तीनेक मैलांवर आहे, तिथवर गेलात तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चढ मागे पडलेला असतो.

बाईमाणसाने एकटीने लिफ्ट मागणं सुरक्षित आहे का?

बऱ्याच जणी मागतात. तरी माझा सल्ला : पैसे देऊन शटल घ्या, किंवा शेल्टरवर भेटलेल्या दोघा-तिघांबरोबर मिळून जा. अंधार पडल्यावर नाही. सॅक डिकीत टाकण्याआधी फोन-पाकीट अंगावर. मनाला पटलं नाही तर 'नको, माझी माणसं मागून येताहेत' म्हणायचं. हॉट स्प्रिंग्जला हा प्रश्नच येत नाही, म्हणून सुरुवातीला हेच गाव धरलं.

भारतातून येऊन पूर्ण ट्रेल करता येईल का?

पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहायची मुभा मिळते, तीही विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ट्रेलला पाच ते सात महिने. म्हणजे काठावरचं गणित. एखाददुसरं राज्य निवडून चालणं जास्त शहाणपणाचं.

अमेरिकेत राहतो, सुट्टी कमी. शनिवार-रविवारी याची चव घेता येईल?

सहज. न्यूयॉर्कजवळच्यांसाठी मेट्रो-नॉर्थ या लोकल रेल्वेचं पॉलिंगजवळ 'अ‍ॅपलाचियन ट्रेल' याच नावाचं छोटं स्टेशन आहे, शनिवार-रविवारी तिथे गाडी थांबते. वॉशिंग्टनजवळच्यांना हार्पर्स फेरीला रेल्वेने जाता येतं. ट्रेलच्या संस्थेचं मुख्यालय तिथेच, आणि वाट गावातून जाते. अटलांटाकरांना नील गॅप गाडीने दोन तासांच्या आत.

हॉट स्प्रिंग्जमध्ये इंडियन स्टोअर आहे का? वरण-भात मिळेल?

नाही आणि नाही. त्यासाठी अ‍ॅशव्हिल गाठावं लागतं, गाडीने पाऊण-एक तास. तेवढ्यासाठी अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही. हॉस्टेलचं स्वयंपाकघर वापरायला मिळत असेल तर गावातल्या दुकानातून तांदूळ आणि मसूर घ्या, हळद-हिंग स्वतःचं असेलच. जरा जास्तच टाका. तुम्ही फोडणी दिलीत की कोणीतरी ताट घेऊन येतंच.